बंद भात्याची पेटी

भाऊ, बसा. वहिनी, तुम्हीही बसा. पोराला बाहेर बहिणीजवळ राहू द्या. आज शिकवणी त्याची नाही, तुमची आहे.

शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ मोठ्या कौतुकानं पाठवलात. सगळ्या नातेवाइकांनाही पाठवला असणार. स्टेजवर पोरगं, पुढ्यात पेटी, मागून कुणी ताई त्याच्या दोन्ही पंजांवर आपले पंजे ठेवून पट्ट्या दाबतेय आणि स्पीकरमधून भलत्याच कुणाचं वादन चाललंय. टाळ्या थांबेनात. पाहुण्यांनी डोळे पुसले, शाल दिली. त्या पेटीचा भाता बंद होता, हे तुमच्या लक्षात आलं का? कडीसुद्धा काढलेली नव्हती. तुम्हाला दिसलं नाही, त्याला दिसलं. गाणं संपेपर्यंत मान वाकडी करून तो त्या कडीकडेच बघत होता. हवा भरल्याशिवाय पेटी बोलत नाही, एवढं तो शिकलाय. अकरा वर्षांच्या लेकराला चारशे माणसांपुढे खोटं वाजवायला बसवलंत आणि वर मला सांगता, किती खूश होता!

पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, ‘‘सर, त्याले जमन तेवढंच शिकवा जी.’’ तेव्हा मी काही बोललो नाही, आज बोलतो. त्याला किती जमेल हे तुम्ही कोणत्या मापानं मोजलंत? सेरेब्रल पाल्सीनं त्याची डावी बाजू आखडली, उजव्या बोटांनाही थोडी थरथर आहे. कान मात्र शाबूत आहेत. गल्लीतून भंगारवाला गेला की त्याच्या भोंग्याचा सूर हे पोरगं पेटीवर शोधून काढतं. तुमच्या घरात दुसऱ्या कुणाला येतं हे? आणि तुम्ही त्याच्यासाठी मागता काय, तर जमेल तेवढं.

आता हाताचं ऐका. त्याची बोटं धरून पट्टीवर दाबू नका, असं किती वेळा सांगायचं? आखडलेला स्नायू झटक्यानं ताणला की आणखी आखडतो. घाई केली, दचकवलं, चारचौघांत ‘‘वाजव, वाजव’’ केलं, तरी तेच. तुम्ही जोर लावता, हात घट्ट होतो, मग तुम्हीच म्हणता त्याला जमत नाही. अहो, जमू कुणी दिलं नाही? त्याच्या बोटाला पट्टी सापडायला वेळ लागतो. लागू द्या. तो वेळ तुम्हाला सोसवत नाही, हे दुखणं तुमचं आहे, त्याचं नाही.

मांडीचंही तसंच. तुम्ही आधी ज्या क्लासला गेला होतात तिथं ‘याची बैठकच नाही’ म्हणून परत पाठवलं. आमच्या धंद्यातल्या या लोकांना काय म्हणावं! मांडी घालून सूर जास्त शुद्ध लागतो, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? पाय लोंबकळत असले की याची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते, बोटांसाठी काही उरत नाही. पाय टेकलेले हवेत, पाठीला आधार हवा आणि पेटी कोपराच्या उंचीला हवी. साधी गोष्ट आहे, सुताराच्या अर्ध्या दिवसाची.

भाता त्याच्या डाव्या हाताला झेपत नाही म्हणून तुम्ही पेटी सोडायला निघाला होतात. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत पायपेटी असायची. पायांनी हवा भरायची, दोन्ही हात मोकळे. त्या वादकाला कुणी बिचारा म्हणत नव्हतं. इथे पायपेटी नाही, पण धाकटी बहीण आहे. तिनं भाता ओढायचा, यानं वाजवायचं. यानं सूर लांबवला की तिला हवा पुरवावी लागते. दोघं भांडतील, भांडू द्या. लय दोघांनाही येईल.

आणि ती तुमची नेहमीची तक्रार, की बाकीची पोरं पांढरी एकमधून वाजवतात, आमचाच का काळी तीनमधून? या इकडे, बघा. काळी तीनला सा धरला की रे काळी चार, ग काळी पाच. वरच्या सप्तकातली काळी एक म्हणजे प आणि काळी दोन म्हणजे ध. भूप झाला ना पुरा? पाचही सूर काळ्या पट्ट्यांवर. काळ्या पट्ट्या उंच असतात आणि दोन पट्ट्यांच्या मधे खाली जागा असते, म्हणून थरथरतं बोट शेजारच्या सुरावर पडत नाही. दोनचा जुडगा, तीनचा जुडगा, न बघता हाताला लागतात. डोळ्यांनी अधू पोराला बसवलं तरी मी इथूनच सुरू करीन. ही सवलत नव्हे, हा विचार आहे. भूप तोच, आरोह-अवरोह तोच, तीनतालाच्या सोळा मात्राही त्याच. त्यातली एकही मात्रा मी त्याला माफ करणार नाही.

तुम्ही मात्र करता. वहिनी, परवा अवरोहात ध अर्धी मात्रा आधी आला आणि तुम्ही दारातून म्हणालात, ‘‘वा राजा!’’ त्यानं तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. आईला यातलं काही कळत नाही, हे त्याला समजलं. आता तुमच्या खऱ्या कौतुकालाही तो किंमत देणार नाही.

भाऊ, परीक्षेला त्याचं सर्टिफिकेट लावून काही गुण वाढतील का, असं विचारत होतात. 2016च्या कायद्यानं एकवीस प्रकारची अपंगत्वं मानली, हक्क दिले. ते भांडून घ्या, मी सोबत येतो. जास्त वेळ मागा, खुर्ची मागा, तळमजल्यावरची खोली मागा. पण ते सर्टिफिकेट रेल्वेत दाखवा, पेटीला दाखवू नका. ज्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेचं बोलताय, ते ज्यांच्या शिष्यांनी उभं केलं त्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्यानं अधू झाले होते. कुरुंदवाडचं पोरगं, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला राहिलं. बुवांनी त्याला ‘जमेल तेवढं’ शिकवलं असतं, तर 1901 साली लाहोरात विद्यालय कुणी काढलं असतं? तिकडे फ्रान्समध्ये जँगो राइनहार्टची डाव्या हाताची दोन बोटं 1928च्या आगीत अधू झाली. पठ्ठ्यानं उरलेल्या बोटांसाठी गिटारची बोटचाल नव्यानं बसवली. लोक त्याची गिटार ऐकायला येत होते, जळालेला हात बघायला नव्हे.

दूर कशाला जायचं? वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोरा आणि तिथं बाबा आमट्यांचं आनंदवन. डॉ. विकास आमट्यांनी 2002 साली उभं केलेलं ‘स्वरानंदवन’ तुम्ही पाहून आलात, रडून आलात. अंध, अपंग, कुष्ठरोगातून बरे झालेले कलाकार स्टेजवर होते. तुम्हाला त्यांचं अपंगत्व दिसलं. त्यांचा ठेका ऐकला का? एवढा मोठा वाद्यवृंद एका वेळी समेवर येतो तो दयेच्या जोरावर येत नाही.

तुमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळ आहे. आपल्या वऱ्हाडात तुकडोजी महाराजांची खंजिरी माहीत नाही असं गाव सापडेल का? आजोबांबरोबर पोराला तिथं पाठवत जा. डाव्या हातानं खंजिरी धरवत नसेल तर स्टँडला बांधा आणि उजव्यानं वाजवू द्या. शोभेसाठी पुढे बसवायचं नाही, केरवा धरायला बसवायचं. तिथली म्हातारी माणसं भली आहेत, ठेका चुकला की डोळे वटारतात. तुमच्या शाल देणाऱ्या पाहुण्यांपेक्षा ती त्याच्या जास्त उपयोगाची आहेत.

आता कामाचं. तीन डिसेंबरच्या अपंग दिनाच्या कार्यक्रमाला नाव दिलंय म्हणे तुम्ही. काढून घ्या. त्याचा भूप बसला की मी स्वतः त्याला स्टेजवर नेईन, इतर मुलांच्या बैठकीत, त्याच्या क्रमानं. घरी रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, टीव्ही बंद. थकला तर थांबेल, पण थकला हे त्यानं सांगायचं, वहिनींनी नाही. ‘‘तो थकते जी’’ हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. मी ओरडलो तर मधे पडू नका. बाकीच्या पोरांवर मी ओरडतो तेव्हा तो आशेनं माझ्याकडे बघत असतो, हे तुम्हाला ठाऊक नाही. फीही बाकीच्यांइतकीच, पाकिटात जास्तीचे घालून आणू नका.

शनिवारी चारला या. घरची हातांची खुर्ची आणा आणि पायाखाली ठेवायला पाट करून घ्या, वीतभर उंच, न घसरणारा. सुतार म्हणेल पोळ्यानंतर देतो. त्याच्या नादी लागू नका, तोवर चार विटा गोणपाटात गुंडाळून आणा.