अमानत

परवा संध्याकाळी आमच्या शहरात औरंगपुऱ्यातल्या गाड्यावरून फुटाणे घेतले. घरी येऊन पुडी सोडली, तर कागद कुठल्याशा क्लासच्या प्रवेश अर्जाचा निघाला. वरच्या कोपऱ्यात फोटो, दोन वेण्या घातलेली मुलगी. खाली तिचं नाव, जन्मतारीख, जालना जिल्ह्यातल्या एका गावाचा पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर, जातीचा प्रवर्ग. ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेलं, ‘शेती, कोरडवाहू.’ शेवटच्या ओळीत आधार क्रमांक, बाराही आकडे स्पष्ट.

फुटाणे वाटीत काढले, पण कागद टाकवेना. जालना, बीड, परभणीकडची मुलं या शहरात शिकायला येतात. खोली शोधतात, मेस लावतात, क्लासला नाव घालतात. प्रत्येक ठिकाणी एक अर्ज, एक झेरॉक्स, एक नंबर. या मुलीने अर्ज भरला तेव्हा शेजारी वडील उभे असतील. या कागदाचं पुढं काय होतं, असं विचारायचं त्यांच्या मनातही आलं नसेल. विश्वास टाकणं म्हणतात ते हेच. क्लासवाल्यांनी तो मुद्दाम मोडला असंही मला वाटत नाही. वर्ष संपलं, कपाट रिकामं केलं, रद्दी विकली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तरी एका अल्पवयीन मुलीचा सगळा ठावठिकाणा रस्त्यावर आला.

दुसऱ्या दिवशी त्या गाड्यावर गेलो. गठ्ठ्यात तसे आणखी वीसेक अर्ज होते. गाडेवाला म्हणाला, “काका, मला काय वाचता येत नाही. कागद जाड दिसला म्हणून घेतला.” त्याला पैसे देऊन मी गठ्ठा घरी आणला.

तेव्हापासून बाजारात फिरताना वेगळंच दिसू लागलं आहे. निराला बाजार असो की सिडकोतलं कॅनॉट, बिल करताना पहिला प्रश्न, “मोबाइल नंबर सांगा.” मागे रांग असते. कॉलेजची मुलगी एकेक आकडा सांगते, काउंटरवरचा मुलगा खात्री करायला मोठ्याने परत म्हणतो, आणि दहाही आकडे रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातात. रात्री अनोळखी फोन येऊ लागले की घरचे तिलाच विचारतात, “नंबर दिलास कुणाला?” दुकानदाराला कुणी विचारत नाही. खरं तर ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे की, नंबर दिल्याशिवाय बिल न करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. ग्राहकाने ‘नंबर देत नाही’ म्हटलं, तर बिल तरीही मिळालंच पाहिजे.

विश्वासाने सोपवलेल्या अशा गोष्टीसाठी आपल्या शहराच्या बोलण्यात एक नेमका शब्द आहे, अमानत. सिटी चौकातला अत्तरवाला आणि गुलमंडीवरचा कापडवाला, दोघांनाही तो सांगावा लागत नाही. दुसऱ्याची वस्तू, आपल्याकडे सांभाळायला आलेली. ती वापरायची नसते, चारचौघांत दाखवायची नसते, काम झालं की परत करायची असते. मला विशेष वाटलं ते हे, की देशाचा नवा कायदाही याच शब्दापाशी येऊन थांबतो. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा माहिती घेणाऱ्या व्यावसायिकाला ‘डेटा फिड्युशिअरी’ म्हणतो, म्हणजे विश्वस्त. मालक म्हणत नाही.

या कायद्याच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिलेला निकाल आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं त्यात ठरलं. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि व्यावसायिकांवरची बहुतेक बंधनं दीड वर्षाच्या मुदतीनंतर लागू होतील. माहिती कशासाठी हवी ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत सांगायचं, त्याने मागितलं तर मराठीतूनही. ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची. काम संपलं की पुसून टाकायची. अठरा वर्षांखालच्या मुलांची असेल तर आईवडिलांची संमती घ्यायची. माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड. मात्र हा कायदा संगणकावर चढलेल्या माहितीपुरता आहे. फक्त कागदावर राहिलेली माहिती त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणजे फुटाण्याच्या पुडीपर्यंत कायद्याचा हात पोचेलच असं नाही. तिथे माणसाची नीतीच कामाला येते.

नुसत्या चांगल्या मनानेही भागत नाही, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलं आहे. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी तिच्या संगणक यंत्रणेत शिरून एक खोटी यंत्रणा उभी केली. बनावट कार्डं घेऊन माणसं अठ्ठावीस देशांतल्या एटीएमसमोर उभी राहिली आणि पैसे काढू का, या प्रत्येक विचारणेला ती खोटी यंत्रणा होकार देत गेली. दोन दिवसांच्या व्यवहारांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. खातेदारांच्या पैशांना धक्का लागलेला नाही, असं बँकेने जाहीर केलं. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. शंभर वर्षांहून जुन्या संस्थेच्या नेकीवर कुणी बोट ठेवलं नाही, पण चोर नेकी पाहून परत फिरत नाही. त्याला कुलूप लागतं.

छोट्या दुकानाचं कुलूपही छोटंच असतं, आणि त्याला खर्च फारसा नाही. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट नोकराने स्वतःच्या मोबाइलवरून पाठवला, की तो नोकरी सोडताना शेकडो लोकांची आजारपणं खिशात घेऊन जातो. म्हणून दुकानाचा फोन वेगळा हवा. संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी आज काढता येईल. माणूस काम सोडून गेला, की त्याच दिवशी पासवर्ड बदलता येईल. आधारची झेरॉक्स मागण्याआधी नुसतं कार्ड पाहून भागतं का, हे ठरवता येईल. घ्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत चालते का ते पाहावं, आणि तिच्यावर कारण व तारीख लिहून घ्यावी. ग्राहकाला नंबर बोलून दाखवण्याऐवजी टाइप करायला द्यावा. आणि एवढं करूनही माहिती फुटलीच, तर ग्राहकाला ते बाहेरून कळण्याआधी आपण सांगावं. चूक कबूल करणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येतं. लपवणाऱ्याचं नाव मात्र गल्लीत कायमचं खराब होतं.

हे सारं आपल्याला नवीन आहे का? माझ्या कॉलेजच्या फीसाठी आईने पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. सराफ्यातल्या एका पेढीवर मी तिच्यासोबत गेलो होतो. दुकानात गिऱ्हाइकं होती. शेठजींनी आईचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता “वहिनी, आत या,” म्हणाले. आतल्या खोलीत पाटल्या तोलल्या, फडक्यात बांधल्या, नावाची चिठ्ठी आत सारली आणि पुरचुंडी तिजोरीत ठेवली. पुढे दीड वर्ष लग्नाकार्यात ते भेटत राहिले. आईच्या रिकाम्या मनगटाचं कारण ठाऊक असलेला आमच्या घराबाहेरचा तो एकटा माणूस होता. त्यांनी नजरेनेही कधी कळू दिलं नाही.

शेवटचा हप्ता फेडला त्या दिवशी त्यांनी पुरचुंडी सोडली, पाटल्या आईच्या हातावर ठेवल्या आणि तिच्या नावाची चिठ्ठी तिच्यासमोर फाडली. आई म्हणाली, “असू द्या की, शेठजी.” ते म्हणाले, “काम झालं, वहिनी. आता आमच्याकडं ठेवून काय करायची?” आज कायदा जे कलमं घालून सांगतो आहे, ते त्या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या घरातल्या पुढच्या तीन लग्नांचे दागिने त्याच पेढीवर झाले.

काल रात्री तो अर्जांचा गठ्ठा घेऊन बसलो. फोटो वेगळे केले, नंबर वेगळे केले, मग सगळं इतकं बारीक फाडलं, की कुठलाही आकडा शेजारच्या आकड्याशी जुळू नये. वीस अर्जांना अर्धा तास लागला. त्या क्लासच्या कपाटापाशी वर्ष संपताना कुणी एवढा अर्धा तास काढला असता, तर जालन्याकडचा एक कोरडवाहू शेतकरी ज्या विश्वासाने लेकीचा कागद देऊन गेला होता, तो विश्वास गाड्यावर पुडी होऊन पडला नसता.