पिंजऱ्यातील सोबत

चतुर्थीच्या दिवशी आमच्या फोंड्याकडील घरी माटोळी बांधून झाली, मूर्ती आसनावर बसली आणि घरातील मुले नेहमीप्रमाणे गणपतीच्या पायांशी असलेल्या उंदराला दुर्वा वाहू लागली. माझी भाची जवळच उभी होती. ती एका औषध-संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात काम करते. तिचा सारा दिवस प्रयोगासाठी पाळलेल्या उंदरांमध्ये जातो. मुलांचा तो खेळ पाहून सगळे हसले, ती मात्र हसली नाही. आरती आटोपून आम्ही सोप्यावर बसलो असता तिने मला विचारले, "मामा, एका जिवाला मारामारीतून सोडवले आणि एकटे कोंडून ठेवले, तर ते पुण्य म्हणावे की पाप?"

घडले होते ते असे. एकाच वेताचे चार नर तिच्या देखरेखीखाली एका पिंजऱ्यात वाढले. वयात आल्यावर एके सकाळी त्यांपैकी दोघांच्या पाठीवर आणि शेपटीवर चाव्यांच्या जखमा दिसल्या. शिरस्त्याप्रमाणे तिने चौघांना चार पिंजऱ्यांत ठेवले. जखमा भरून आल्या. परंतु त्यांतील एक उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसू लागला. "त्याला वाचवले असे मी वहीत लिहिले," ती म्हणाली, "पण वही मिटली तरी तो डोळ्यांपुढून जात नाही."

प्रश्न उंदराएवढाच लहान आहे असे वरवर पाहता वाटेल. मला मात्र तो फार दिवस पुरला.

प्राण्यांवर प्रयोग मुळात करावेतच का, हा याहून मोठा प्रश्न आहे, आणि ज्यांना ते सर्वथा त्याज्य वाटतात त्यांचे मत मी हलके लेखीत नाही. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी 1959 साली आपल्या ग्रंथात तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि जे वापरावेच लागतील त्यांचे क्लेश कमी करावेत. पहिले तत्त्व पूर्णपणे सिद्धीस जाईल त्या दिवशी पिंजरेच उरणार नाहीत. परंतु आज ते आहेत, आणि त्यांत जीव आहेत. मोठ्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत लहान प्रश्न थांबत नाही.

उंदीर हा सोबतीने राहणारा प्राणी आहे. प्रयोगशाळेची हवा सामान्यतः वीस ते चोवीस अंश सेल्सियस असते. ती आपल्या सोयीची. उंदराच्या देहाला सुखाची वाटते ती सुमारे तीस अंशांची ऊब. म्हणून ते एकमेकांना बिलगून निजतात, कागदाच्या वा कापसाच्या तुकड्यांचे घरटे करतात. सोबत ही त्यांची चैन नव्हे, ते त्यांचे पांघरूण आहे.

इतकेही नाही. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी 2006 साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. वेदना भोगणाऱ्या उंदराजवळ त्याच वेळी वेदना भोगणारा त्याचा सोबती असला, तर त्याच्या वेदनेच्या हालचाली एकटा असतानाच्या मानाने वाढत. मात्र शेजारी अनोळखी उंदीर असला तर हा फरक दिसत नसे. सहवासाने त्या एवढ्याशा जिवाला कोणी 'आपला' होतो आणि त्याचे दुःख याला भिडते, असाच याचा अर्थ मला दिसतो. हे ज्ञान आपण त्यांना वेदना देऊनच मिळवले, ही त्यातील बोच आहे. परंतु मिळाल्यानंतर ते ठाऊक नसल्यासारखे वागण्याची मुभा आता आपल्याला उरलेली नाही.

मग ते चार भाऊ भांडले का? मोकळ्या जागेत नर आपली हद्द राखतो आणि हरलेला पळून जातो. पिंजऱ्यात हरलेल्याला पळायला जागा नसते. जिंकलेल्याचा राग शमायलाही वाव नसतो. म्हणजे भांडण उंदराच्या स्वभावातले असले, तरी ते जीवघेणे होते ते भिंतीमुळे, आणि भिंत आपण घातली आहे. आणखी एक गोष्ट. त्यांचे जग वासांचे असते. पिंजरा साफ करताना आपण सगळाच जुना पसारा काढून टाकतो, तेव्हा कोण कोणाचा हे सांगणाऱ्या खुणाही पुसल्या जातात. जुन्या घरट्याचा कापूस-कागद नव्या पिंजऱ्यात ठेवला तर नरांची भांडणे कमी होतात आणि मुतलेला भुसा ठेवला तर वाढतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. एका वेताच्या नरांना दूध तुटल्यापासून एकत्र ठेवावे, मध्येच परका नर आणून घालू नये, हेही अनुभवाने ठरले आहे. माद्या तर सहसा गुण्यागोविंदाने नांदतात.

तेव्हा सोबत आणि एकांत, दोन्ही आपल्याच हातून घडतात. रानातल्या उंदराचे प्रारब्ध काही का असेना, पिंजऱ्यातील उंदराचे प्रारब्ध म्हणजे आपण.

कायद्यांनी या जाणिवेची दखल कमीअधिक घेतली आहे. युरोपीय संघाच्या 2010 सालच्या निर्देशाप्रमाणे, जे प्राणी निसर्गतः एकलकोंडे नाहीत त्यांना एकमेकांशी जमणाऱ्यांच्या स्थिर गटात ठेवले पाहिजे. अमेरिकेने मात्र 2002 साली आपल्या प्राणिकल्याणाच्या कायद्यातील 'प्राणी' या शब्दाच्या व्याख्येतूनच प्रयोगासाठी पैदास केलेले उंदीर वगळले. आपल्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांचा मोठा वाटा असलेला प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायदा 1960 साली झाला. प्रयोग योग्य काळजीने आणि माणुसकीने व्हावेत, असे तो सांगतो. पण लहान प्राण्यांवर काम भागत असेल तर मोठे प्राणी टाळावेत, असेही सांगतो. म्हणजे भार शेवटी लहानांवर येतो. ज्याच्यावर भार अधिक, त्याचे देणेही अधिक असायला नको काय?

येथे कोणी म्हणेल, उंदरांना सोबत द्यावीच, कारण भेदरलेल्या, गारठलेल्या उंदरावर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष भरवशाचे नसतात. हे खरे आहे. परंतु आपल्या शास्त्रकारांनी नित्य आणि काम्य असा कर्माचा भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. देवळात नवस बोलणारा फळाच्या इच्छेने येतो. फळ मिळाले वा इच्छा सरली की त्याचे येणे थांबते. ते काम्य कर्म. गाभाऱ्यातला नंदादीप मात्र कोणी येवो न येवो, रोज तेवतो. ते नित्य कर्म. केल्याने विशेष फळ नाही, न केल्याने मात्र प्रत्यवाय आहे. निष्कर्ष चांगले यावेत म्हणून दिलेली सोबत काम्य ठरते. उद्या एकट्या उंदरावरचे मोजमाप अधिक सोयीचे वाटले, तर त्याच न्यायाने ती काढून घेतली जाईल. हेतूची परीक्षा लाभ आणि कर्तव्य एका वाटेने जात असताना होत नाही. वाटा फुटतात तेथे होते.

पिंजऱ्यातील जिवाची सोबत हे नित्य कर्म आहे, असे मला वाटते. भूतयज्ञात आपण कावळ्याला बली घालतो, गाईला घास देतो. पण कावळा उडून जायला मोकळा असतो. ज्याची पळवाटच आपण काढून घेतली, त्याला जे द्यायचे ते दान नव्हे, ऋण आहे. दान देणारा आपल्या मर्जीने हात आखडू शकतो. ऋणकोला ती मर्जी नसते.

मी भाचीला म्हटले, "बाये, जखमी भावांना वेगळे केलेस ते योग्यच केलेस. सोबतीच्या नावाखाली दुबळ्याला चावे खायला ठेवणे हा धर्म नव्हे. पण वेगळे केल्याने ऋण फिटले नाही, त्याचे रूप तेवढे बदलले. एकट्याला अंग झाकेल एवढे घरटे दे, लपायला आडोसा दे." ती म्हणाली, शेपटीला धरून उचललेला उंदीर भितो आणि नळीत शिरवून उचललेला कमी भितो, असे लिव्हरपूलच्या अभ्यासकांनी 2010 मध्येच दाखवले आहे, तिच्याकडे मात्र अजून शेपटीच धरली जाते. "मग तेथून आरंभ कर," मी म्हणालो. "आणि पुढच्या वेताच्या वेळी घरट्याचा कापूस टाकू नकोस. हळहळ हे प्रायश्चित्त नव्हे. वागणे बदलले तरच ते प्रायश्चित्त."

तिने मान हलवली, पण समाधान झालेले दिसले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि तो जो आता एकटा आहे, त्याचे काय?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वयात आलेल्या नरांची एकदा मोडलेली सोबत पुन्हा जुळवू गेले तर बहुधा नवे भांडणच उभे राहते. काही चुका भरून येत नाहीत. पुन्हा न करणे एवढेच हाती राहते.

रात्री झोपण्यापूर्वी मी नेहमीची रक्तदाबाची गोळी घेतली. ती माझ्या हातात येण्यापूर्वी कितीएक लहान जीवांच्या देहांवर पारखली गेली असेल, हा विचार इतक्या वर्षांत मला कधी शिवला नव्हता. पाप-पुण्याचा हिशेब विचारायला माझी भाची आली होती. पण ऋणकोंच्या यादीत तिच्या आधी माझे नाव होते.