वाळल्या काडीतील निशाणी



सूरह अल-आला आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असते. जुमा आणि दोन्ही ईदच्या नमाजांत ती पढणे ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची सुन्नत आहे. या सूरहच्या आरंभीच अल्लाहने आपली ओळख करून दिली आहे: त्यानेच हिरवा चारा उगविला आणि नंतर त्याचा काळपट पाचोळा केला. हिरवळ ही अल्लाहची कृपा आहे, हे कोणालाही पटते. परंतु काळा पडलेला पाचोळाही त्याच पालनकर्त्याच्या योजनेचा भाग म्हणून येथे सांगितला गेला आहे. या दुसऱ्या आयतीपाशी आपण क्वचितच थांबतो. आज थोडे थांबू या.

चाकूर परिसरातील शेतकरी कुटुंबांना हा पाचोळा चांगला ओळखीचा आहे. सोयाबीनची मळणी झाली की गुळीचा ढीग उरतो. तूर निघाली की तुराट्या आणि धसकटे उरतात. उसाच्या फडात पाचट पडून राहते. यांतील काही जनावरांच्या पुढ्यात जाते, काही चुलीत जाते. उरलेले मात्र अनेक ठिकाणी काडी ओढून पेटवून दिले जाते. रान साफ झाले, असे आपण म्हणतो.

हे रान कोण साफ करणार होते, याचा विचार केला पाहिजे. अल्लाहने त्या कामासाठी जे सेवक नेमले आहेत, त्यांत बुरशी प्रमुख आहे. तिला तोंड नाही, पोट नाही, पाने नाहीत. केसाहूनही बारीक तंतूंच्या रूपाने ती काडीत शिरते, आपल्या अंगातून पाचक रस बाहेर सोडते, काडी बाहेरच विरघळवते आणि मग तिच्यातील अन्न शोषून घेते. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणारी छत्री म्हणजे तिचे केवळ फळ. खरे शरीर आत, अंधारात पसरलेले असते. काडीला व लाकडाला ताठपणा देणारा जो चिवट घटक असतो, त्याला लिग्निन म्हणतात. तो फोडण्याचे काम मुख्यत्वे काही विशिष्ट बुरशीच करू शकतात. जिवाणू, गांडूळ, वाळवी हे सारे या कामात भागीदार आहेत. पण तुराटीसारखी कठीण वस्तू मातीच्या हवाली करण्यात बुरशीचा वाटा फार मोठा आहे. काडीत अडकलेले नत्र, स्फुरद, पालाश अशा रीतीने मोकळे होते आणि पुढच्या पिकाच्या मुळाशी पोहोचते.

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी प्रसिद्ध आहे. अशा माळावर कोणी खताची गोणी रिकामी करीत नाही. तेथे गळालेले पान तेथेच कुजते आणि त्यातूनच पुढची वनस्पती पोसली जाते. मृतातून जिवंत काढणारा आणि जिवंतातून मृत काढणारा तोच, असे कुरआनने वारंवार सांगितले आहे. सूरह रूममध्ये हे सांगून लगेच पुढे म्हटले आहे की, तुम्हालाही असेच बाहेर काढले जाईल.

येथे हा विषय शेताच्या धुऱ्याबाहेर पडून आपल्यापर्यंत येतो. आप्तेष्टाच्या दफनविधीत आपण कबरीवर तीन मुठी माती टाकतो. त्या वेळी सूरह ताहाची जी आयत ओठांवर असते, तिचा आशय हाच आहे: याच मातीतून अल्लाहने आपल्याला घडविले, तिच्यातच तो परत नेईल आणि तिच्यातूनच पुन्हा उठवील. आज ज्या देहाला आपण इतके जपतो, तो उद्या त्याच अदृश्य सेवकांच्या हाती सोपविला जाणार आहे. गरीब-श्रीमंत, पाटील-मजूर असा भेद ते करीत नाहीत. ज्याच्या मनात अहंकार दाटला असेल, त्याने एखादी कुजकी काडी हातात घेऊन पाहावी.

या बुरशीला किडकी, ओंगळ म्हणून आपण तुच्छ लेखतो. परंतु सूरह बनी इस्राईलनुसार प्रत्येक वस्तू अल्लाहची स्तुती करीत असते. ती आपल्याला उमगत नाही इतकेच. एका मुक्कामात सहाबांनी मुंग्यांचे वारूळ जाळले होते. ते पाहून प्रेषितांनी (स.) बजावले की, अग्नीची शिक्षा देण्याचा अधिकार केवळ अग्नीच्या स्वामीला आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे. पाचट पेटविताना आपण मुंग्या, गोगलगायी, पाखरांची अंडी, मातीच्या वरच्या थरातील असंख्य जीव होरपळून काढतो. ‘हे तर फक्त काडीकचरा आहे’ असे म्हणताना ही हदीस आठवली पाहिजे.

नुकसान आपलेही आहे. जमीन आरोग्य पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असला की ‘कमी’ असा शेरा येतो, आणि मराठवाड्यातील असंख्य शेतकऱ्यांच्या हाती तोच शेरा पडतो. कुजलेल्या काडीतून तयार होणारा हा कर्ब जमिनीला भुसभुशीत ठेवतो, पाणी धरून ठेवतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. ज्या भूमीत थेंबाथेंबाचे मोल आहे, तेथे ओल धरणारी वस्तूच राख करणे याला इस्राफ म्हणावयाचे नाही, तर कशाला? उधळपट्टी करणाऱ्यांना कुरआनने शैतानाचे भाऊ म्हटले आहे. हा इशारा लग्नाच्या जेवणावळीपुरताच आहे, असे समजू नये.

मग करावे काय? गुळी आणि धसकटांचे बारीक थर खड्ड्यात रचावे, प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडावा, कुजविणारे ट्रायकोडर्मा हे बुरशीसंवर्धक मिसळावे आणि ओल टिकवावी. काही महिन्यांत त्याचे खत होते. खोडव्यात पाचट सरीत पसरून कुजविता येते. गव्हाच्या काडावर, सोयाबीनच्या काडावर धिंगरी अळंबीही घेता येते. घरातील भगिनींनाही हा व्यवसाय जमण्यासारखा आहे. मात्र मर रोगाने वाळलेली तुरीची झाडे खतात घालू नयेत, ती वेगळी काढावीत. कारण तो रोगही एका बुरशीचाच आहे. अल्लाहने प्रत्येक जीवाला मर्यादा नेमून दिली आहे आणि ती ओळखण्यासाठी माणसाला बुद्धी दिली आहे.

बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत हदीस आहे की, मुसलमानाने लावलेल्या झाडातून वा पेरलेल्या पिकातून माणूस, पाखरू किंवा जनावर जे खाईल, ते त्याच्यासाठी सदका ठरते. पीक ज्या मातीवर उभे राहते, तिचा कस राखणे हा या सदक्याचाच पाया आहे. जमीन आपल्या नावे सातबाऱ्यावर असेल. पण मालक अल्लाह आहे आणि आपण अमानतदार आहोत. मुलांच्या हाती ती राखेसह सोपवायची की ओलाव्यासह, याचा जबाब आपल्यालाच द्यावा लागेल.

हे अल्लाह! तुझ्या लहानातल्या लहान सेवकांचे कार्य ओळखण्याची दृष्टी आम्हाला दे, तुझी जमीन सांभाळण्याचे सामर्थ्य दे आणि ज्या दिवशी तू आम्हाला मातीतून उठविशील, त्या दिवशी आम्हाला अमानतदारांच्या रांगेत उभे कर. आमीन.