शंट बसवल्यावर कर्तव्य संपतं का?

बाळाच्या डोक्यात साठणारं पाणी शंटने पोटाकडे वळवलं, टाके सुकले, बाळ घरी गेलं. पुढचं देवाच्या हाती, असं म्हणणाऱ्याला निष्काम कर्माचा आधार सहज सापडतो. मला हा त्या शिकवणीचा गैरवापर वाटतो. शंट ही झडप बसवलेली बारीक नळी. लहान मुलांत दहापैकी तीन-चार शंट वर्षभरातच तुंबतात, सरकतात किंवा त्यांना जंतुसंसर्ग होतो. उरलेले कधी बिघडतील, सांगता येत नाही. उलट्या आणि गुंगी सुरू झाल्यावर वेळेत न्यूरोसर्जन गाठला नाही तर दृष्टी जाते, जीवही जातो. हे ठाऊक असून नळी बसवणाऱ्याने त्या बिघाडाची जबाबदारीही पत्करलेली असते. मूल पुढे किती शिकेल, हे फळ. ते खुशाल सोडून द्यावं. पण डोक्याचा घेर मोजत राहणं, डोळे तपासणं, शाळेत ते कुठे अडतं हे पाहणं, हे कर्मच आहे आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

यावर खरा कठीण आक्षेप पैशाचा आहे. एका मुलामागे वर्षानुवर्षं खर्च करण्याऐवजी त्यात आणखी बाळांची ऑपरेशनं का करू नयेत? हा हिशेब ऑपरेशन झालं की जीव वाचला असं गृहीत धरतो. युगांडातल्या म्बाले इथे २००१ साली सुरू झालेल्या ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयात न्यूरोसर्जन बेंजामिन वॉर्फ यांना वेगळं दिसलं. शहाजहानपूरचा स्वस्त छाब्रा शंट तिथे महागड्या शंटइतकाच टिकला; अडचण नळीच्या किमतीची नव्हती, नळी तुंबल्यावर दूरच्या खेड्यातून रुग्णालय गाठण्याची होती. म्हणून त्यांनी शक्य तिथे दुर्बिणीने मेंदूतल्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट दिली आणि पाणी तयार करणारी ऊती जाळली. संसर्गामुळे हा आजार झालेल्या १०० बाळांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर या पद्धतीच्या आणि शंटच्या बाळांच्या बौद्धिक विकासात लक्षणीय फरक आढळला नाही. घरी गेलेल्या मुलाचा विचार इथे ऑपरेशन निवडतानाच झाला होता, आणि माझ्या मते नैतिकदृष्ट्या हीच त्यातली मोठी गोष्ट आहे. तरीही ते छिद्र बुजू शकतं, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. त्यामुळे बाळाच्या परतीच्या तपासण्यांसाठी आईला लागणारं गाडीभाडं ऑपरेशनच्या खर्चातच धरायला हवं. ते दानधर्माच्या खात्यात टाकणं चूक आहे.