चाळीस पूर्णांक शून्य एक

बाबांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि उजव्याच्या पडद्याला काहीतरी झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या हिवाळ्यात मी लेथसाठी डिजिटल रीडआउट बनवायला घेतला. कारखान्यात त्याला डीआरओ म्हणतात. टूल किती सरकलं ते पडद्यावर मोठ्या आकड्यांत दिसतं, हँडलच्या डायलवरच्या बारीक रेघा मोजाव्या लागत नाहीत. दोन अक्षांचा तयार संच घ्यायचा तर दुकानाच्या एक-दोन महिन्यांच्या कमाईत हात घालावा लागला असता. आणि खरं सांगायचं तर मला तो विकत घ्यायचाच नव्हता. इलेक्ट्रॉनिक्स शिकून वीस वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केलेल्या मुलाला बापाच्या दुकानात आपलीही एखादी वस्तू असावी असं वाटतं, त्यातला प्रकार.

दुकान कामठीत, कन्हानकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. कामठी हे छावणीचं गाव. इंग्रजांनी १८२१ साली इथे छावणी वसवली, आजही ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर इथेच आहे. बाबांच्या दुकानाचा मात्र फौजेशी काही संबंध नाही. तिथे येतात ते पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, विणकरांच्या मागाचे झिजलेले बुश आणि हंगामात थ्रेशर. लेथ हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा, जुना, दुसऱ्या हाताने घेतलेला. तो कारखाना बंद पडून कित्येक वर्षं झाली, पण लेथचा बेड अजून सरळ आहे. झिजलाय तो क्रॉस स्लाइडचा स्क्रू. हँडल उलटं फिरवलं की पाव फेरा नुसताच जातो, स्लाइड जागची हलत नाही. बाबांच्या हाताला हा पाव फेरा पाठ आहे. डायल काय म्हणतो आणि टूल खरंच कुठे आहे यातला फरक ते चाळीस वर्षं मनात वजा करत आले. डोळ्याने डायल दिसेनासा झाला, तेव्हा त्या वजाबाकीला आधीची संख्याच उरली नाही.

डीआरओला या ढिलाईशी देणंघेणं नसतं. त्याची पट्टी स्क्रूवर नव्हे, थेट स्लाइडवर बसते. मी आधी स्वस्तातल्या डिजिटल कॅलिपरचीच पट्टी बसवून पाहिली. ती विद्युतधारितेवर चालते, कूलंट आणि तेल लागलं की तिचं डोकं फिरतं. मग काचेची पट्टी घेतली. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरून एक हळूच सरकवला तर मोठ्या सावल्या भराभर पळताना दिसतात. पदर केसभर सरकतो, सावली वीतभर. काचेच्या पट्टीतही तेच आहे. एडिनबरोच्या फेरांटी कंपनीने १९५०च्या दशकात यंत्रांवरच्या मोजमापासाठी ही युक्ती वापरली. माझ्या पट्टीवर दर २० मायक्रॉनला एक रेघ होती, आणि दोन प्रकाशसंवेदक एकमेकांपासून पाव रेघेच्या अंतराने बसवलेले. दोघांच्या चालू-बंदच्या मिळून चार अवस्था होतात. शून्य-शून्य, शून्य-एक, एक-एक, एक-शून्य. याच क्रमाने गेलं तर स्लाइड पुढे, उलट क्रमाने गेलं तर मागे. एक पायरी म्हणजे ५ मायक्रॉन. जॉब गोल असल्यामुळे व्यासात त्याचे दुप्पट, १० मायक्रॉन. पायऱ्या मोजायला अर्डुइनोचा बोर्ड, आकडा दाखवायला घरातला जुना लॅपटॉप.

इथे एक बारकावा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शून्य-शून्यवरून एकदम एक-एकवर उडी जाऊ शकत नाही. मध्ये एक पायरी असलीच पाहिजे. तरीही अशी उडी दिसली तर अर्थ एकच, बोर्डाची एक नजर चुकली. त्यातून दिशाही कळत नाही, दोन पायऱ्या पुढे गेलं की दोन मागे. प्रोग्राम लिहिताना या अशक्य उडीचं काय करायचं हे ठरवावंच लागतं. मी ठरवलं, काही करायचं नाही. आकडा आहे तसाच ठेवायचा. त्या ओळीच्या शेजारी मी एक टीप लिहून ठेवली होती: ‘नंतर पाहू’.

दुसरी एक गोष्टही मी केली. शेवटचा अंक सारखा थरथरायचा. १, २, १, ०, १. दिसायला वाईट दिसायचं, घरगुती वाटायचं. मी सरासरी घेणाऱ्या चार ओळी टाकल्या आणि आकडा पुतळ्यासारखा थांबला. त्या दिवशी बाबा पडद्याकडे पाहून हसले. मी म्हणालो, ‘‘बाबा, आता मायक्रोमीटरचं काम नाही.’’

हे वाक्य मी उच्चारलं. ते प्रोग्रामने लिहिलं नव्हतं.

मार्चमध्ये मौद्याच्या बाजूचा एक शेतकरी थ्रेशरचा शाफ्ट घेऊन आला. बेअरिंगच्या जागी शाफ्ट खाल्ला गेला होता. वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न करायचा होता. बेअरिंग ६३०८, आतला व्यास ४० मिलिमीटर. अशा ठिकाणी शाफ्ट चाळीसपेक्षा किंचित जाड लागतो, २ ते १८ मायक्रॉन जास्त, म्हणजे बेअरिंग ठोकून बसतं आणि पकडून राहतं. बाबांनी पडद्यावर ४०.०१ आणला, बेअरिंग बसवून दिलं. नेहमीपेक्षा सहज बसलं, असं त्यांना तेव्हाच वाटलं होतं म्हणे. पण पडदा ठाम होता.

सहाव्या दिवशी शाफ्ट परत आला. बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर फिरून निळी पडली होती. गहू काढायचा खोळंबला होता, आणि विदर्भात मार्चमध्ये गारपीट कधी येईल याचा नेम नसतो. जर्नलचा जो भाग बेअरिंगच्या बाहेर होता, झिजला नव्हता, तिथे मी मायक्रोमीटर लावला. ३९.९७. चाळीस मायक्रॉनचा फरक. स्लाइडच्या हिशोबाने वीस, म्हणजे चार पायऱ्या. अशा दोन अशक्य उड्या.

बाबा त्या माणसाला म्हणाले, ‘‘चूक आमची हाये भाऊ. उद्या दुपारी घेऊन जा. पैसे नको, बेअरिंगही माह्याकडून.’’ मी बाजूला उभा होतो. बोललो नाही.

रात्री मी त्या ‘नंतर पाहू’च्या जागी एक मोजणी टाकली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नुसता बसून राहिलो. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याने वेल्डिंग सुरू केलं की उड्या पडत. बाबांनी हँडल झपकन फिरवलं की पडत. संध्याकाळपर्यंत चौदा झाल्या. त्यातल्या बऱ्याच एकमेकींना खोडून काढणाऱ्या असतील. म्हणूनच तीन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी बाबांना सगळं सांगितलं. उड्या, सरासरी, टीप. त्यांनी तांत्रिक भाग फारसा ऐकला नाही. एवढंच विचारलं, ‘‘तुले माहीत होतं?’’

तेव्हापासून मी या प्रश्नाभोवती फिरतो आहे. ‘असं होईल हे माहीत नव्हतं’ हे उत्तर खरं आहे. ‘असं होऊ शकतं हे माहीत होतं’ हेही तितकंच खरं आहे. चूक होणं आणि चुकीची शक्यता दिसत असताना तिच्यावर झाकण ठेवणं, यांत फरक आहे असं आपण सहज म्हणतो. पण दोन्हींचा परिणाम शाफ्टवर सारखाच होतो, आणि शेतकऱ्याला तर फक्त शाफ्टच दिसतो. मग हा फरक नेमका कुठे राहतो?

आपल्या भाषेत मोजण्याचे आणि जाणण्याचे शब्द एकाच धातूतून आले आहेत. मान, परिमाण, अनुमान, प्रमाण. नैयायिकांनी ज्ञानाची साधनं सांगितली त्यांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द आहेत. (चौथं उपमान, त्याचं इथे काम नाही.) बाबा बाहेरचा कॅलिपर जॉबवरून सरकवतात आणि बोटांना किती अडलं ते पाहतात, ते प्रत्यक्षाच्या फार जवळ आहे. डीआरओ जॉबला शिवतच नाही. तो स्लाइडची जागा सांगतो. तिच्यावरून व्यास काढायचा म्हणजे टूल झिजलेलं नाही, जॉब वाकलेला नाही, तापून फुगलेला नाही हे गृहीत धरायचं. आमच्या पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात नुसती हवाच ४५ अंशांना जाते, ताजा कट मारलेला जॉब त्याहून किती तरी गरम. बाबा जॉब आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर ठेवून चहा प्यायला जातात आणि मग मोजतात. प्रमाण तापमान २० अंश असतं हे त्यांनी कुठे वाचलेलं नाही. दोघांना सारखंच तापू द्यायचं, एवढं त्यांना माहीत आहे. तेव्हा डीआरओ म्हणजे अनुमान, असं मला आधी वाटलं.

पण बाबांच्या बाजूने पाहिलं तर ते अनुमानही नव्हतं. अनुमान करणाऱ्याला धूर आणि अग्नी यांचा संबंध ठाऊक असावा लागतो. बाबांना काचपट्टी आणि आकडा यांच्यामधलं काही ठाऊक नव्हतं. ते माझ्यावर विश्वास ठेवत होते. त्यांच्यासाठी ते शब्दप्रमाण होतं. शब्द प्रमाण कोणाचा, तर आप्ताचा. आप्त कोण, याचं उत्तर न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने दिलं आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो. आणि तो पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. मला हे फार आवडतं. जात, विद्या, अधिकार काही नको. दोनच अटी, जाणलेलं असणं आणि तसंच सांगायची इच्छा असणं.

यंत्राला इच्छा नसते. दुसरी अट ते पुरी करू शकत नाही, आणि मोडूही शकत नाही. ती इच्छा यंत्रात कोणीतरी घालावी लागते किंवा गाळावी लागते. थरथरणारा शेवटचा अंक हा त्या बिचाऱ्या पट्टीचा प्रामाणिकपणा होता, ‘इथपर्यंत मला नक्की नाही’ असं ती म्हणत होती. मी तो आवाज बंद केला, कारण तो दिसायला घरगुती होता. बाबा स्वतः असं कधी करत नाहीत. शंका असली की गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतात, ‘‘चालन, पण पाहून घेजा.’’

ब्रिटनमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या पोस्ट खात्याच्या होरायझन नावाच्या हिशेबी प्रणालीत पैसे कमी दिसत, आणि १९९९ ते २०१५ या काळात त्यावरून ९००हून अधिक पोस्टचालक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. उलट काही सिद्ध होईपर्यंत संगणक नीट चालतोय असंच तिथलं न्यायालय धरून चालत होतं. त्या माणसांपैकी कितीतरी जण सांगत होते की आम्ही पैसे घेतले नाहीत. त्यांचा शब्द प्रमाण ठरला नाही, पडद्याचा ठरला. माझ्या चाळीस मायक्रॉनची त्यांच्या तुरुंगवासाशी तुलना करायला मला संकोच वाटतो. पण तिथेही कुठेतरी कोणीतरी एका ओळीशेजारी ‘नंतर पाहू’ लिहिलं असेल असं वाटल्यावाचून राहत नाही.

आता आमच्या पडद्यावर अशक्य उडी आली की आकडा जातो आणि नुसत्या आडव्या रेघा येतात. टूल पुन्हा जॉबला टेकवून शून्य धरावं लागतं. पहिल्या आठवड्यात बाबा वैतागले. ‘‘हे तर माह्यापेक्षा म्हातारं झालं,’’ म्हणाले. तारांना जाळीचं वेष्टण केलं, बोर्ड बदलला, तेव्हा रेघा कमी झाल्या. शेवटचा अंक पुन्हा थरथरतो. बेअरिंगचं काम असलं की हाताखालचा पोरगा मायक्रोमीटर वाचून दाखवतो.

एक गोष्ट राहिली आहे. तो शेतकरी दुसऱ्या दिवशी शाफ्ट घेऊन गेला, त्याचा गहू निघाला, भांडण झालं नाही. पण पुढे त्याच बाजूच्या एका ट्रॅक्टरवाल्याने सहज विचारलं, ‘‘मिस्त्रीची नजर गेली म्हणते ना?’’ त्या बाजूची कामं यंदा कमी आली. बाबांच्या नजरेचा त्या शाफ्टशी काही संबंध नव्हता. डोळे नीट असते तर त्यांनी मायक्रोमीटर लावला असता हे खरं, पण तो लावू नका असं मीच सांगितलं होतं.

मी बाबांना म्हटलं, त्या माणसाला जाऊन सांगतो. ते म्हणाले, ‘‘काहून? जॉब मी देल्ला. दुकानात कोणाच्या हातून काय झालं, ते गिऱ्हाइकाले काय करा लागते?’’ त्यांच्या नियमात हे बसतं. जो जॉब हातात देतो तो उत्तर देतो, मागे कोण होतं ते सांगायचं नसतं. हा नियम मला माझ्या क्षेत्रातल्या बहुतेक नियमांपेक्षा मोठा वाटतो. पण त्याची किंमत या वेळी त्यांच्या नावाने चुकती होते आहे, आणि जो गप्प उभा होता त्याला काहीच पडलेलं नाही. गेलो तर बाबांचा नियम मोडतो, आणि कदाचित जायचं आहे ते माझंच मन हलकं करायला. न गेलो तर त्या बाजूला एक खोटं मोजमाप फिरत राहतं, माझ्याच हाताने दिलेलं.

मौद्याचा रस्ता कामठीहून फार लांबचा नाही. शाफ्टच्या पावतीवर गावाचं नाव आहे. तीन रविवार झाले, मी दुकानात येतो, पावतीपुस्तक काढून ते पान उघडतो, आणि कोणीतरी बुश घेऊन दारात येतं.