फाटक नसलेले स्थानक

विद्यापीठाच्या कामानिमित्त आम्हांस काही दिवस व्हिएन्ना नगरीत राहावे लागले. तेथील भुयारी रेल्वे १९७८ साली सुरू झाली. परंतु तिच्या स्थानकांत उतारूस अडविणारे फाटक नाही. आपल्या तिकिटावर यंत्राने शिक्का उमटवून ज्याने त्याने खाली उतरावे, एवढीच रीत. साध्या वेषातील तपासनीस असतात, दंडही जबर असतो. परंतु बहुतेक वेळा कोणी पाहावयास येत नाही.

एके सकाळी घाईत शिक्का उमटविण्याचे आम्ही विसरलो. गाडीत ते ध्यानात येताच मनात प्रथम काय आले? ‘आपण फुकट प्रवास करीत आहो’ हे नव्हे, तर ‘तपासनीस आला तर?’ हे! तीस वर्षे वर्गात नीतिशास्त्र शिकविणाऱ्याची ही स्थिती!

पुढील स्थानकावर उतरून आम्ही शिक्का उमटविला खरा. पण तो सचोटीने की भीतीने, हे आम्हांस आजही सांगता येत नाही. फाटक असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. परंतु ज्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, त्याने आपली सचोटी सिद्ध झाली असे समजू नये. ती कदाचित फाटकाची असेल.