धर्मव्याधाचे दुकान

पाठशाळेत व्याकरण शिकत असताना आम्ही 'आपूपिक', 'शाष्कुलिक', 'मौदकिक' असे शब्द घोकीत असू. पाणिनीच्या एका सूत्रावर काशिकाकारांनी ही उदाहरणे दिली आहेत. ज्याचे पण्य, म्हणजे विकावयाचा माल, अपूप आहे तो आपूपिक. शष्कुली हा तळलेला पदार्थ विकतो तो शाष्कुलिक. मोदक विकतो तो मौदकिक. गुरुजी प्रत्यय कोणता लागला ते विचारीत, आम्ही सांगत असू आणि पुढच्या सूत्राकडे वळत असू. हा आपूपिक कुठला, त्याचे गाव कोणते, घरी त्याची वाट कोण पाहते, हे व्याकरणाला विचारण्याचे कारण नव्हते. त्याने त्या माणसाला त्याच्या मालावरून नाव दिले. आपण तरी दुसरे काय करतो? 'ओ भेळ', 'ए चहा' अशीच हाक मारतो की नाही?

मागे न्यू जर्सीतील मराठी मंडळींनी कीर्तनासाठी बोलाविले म्हणून अमेरिकेस जाण्याचा योग आला. मधल्या एका मोकळ्या दिवशी यजमानांचा मुलगा मला न्यूयॉर्क शहर दाखवावयास घेऊन गेला. तिथल्या उंच इमारती सर्वांनी पाहिलेल्याच असतात, निदान चित्रात तरी. माझे लक्ष गेले ते त्या इमारतींच्या पायथ्याशी, कोपऱ्याकोपऱ्यावर उभ्या असलेल्या गाड्यांकडे. पत्र्याचा चकचकीत गाडा, वर रंगीत छत्री, गॅसवर तापलेला तवा, आणि तव्यामागे एक माणूस. बहुधा तो माणूस त्या देशात जन्मलेला नसतो. कोणी मिसर म्हणजे इजिप्तचा, कोणी बांगलादेशाचा, कोणी अफगाण. पहाटे भुयारी रेल्वेच्या जिन्यापाशी मेक्सिकोची एखादी बाई मोठे झाकलेले भांडे घेऊन उभी असते. मक्याचे पीठ कणसाच्या सालीत गुंडाळून उकडलेले त्यात असते. 'तमाले' म्हणतात त्याला. कोकणात हळदीच्या पानात पातोळे करतात ना, तसाच प्रकार समजा. वॉशिंग्टन स्क्वेअर नावाची एक बाग आहे, तेथे जाफन्याहून आलेल्या थिरू कुमार यांनी २००१ साली डोशाचा गाडा लावला. मांसमच्छी अजिबात नाही. २००७ साली त्या शहरातील गाडीवाल्यांच्या स्पर्धेत हे गृहस्थ पहिले आले.

त्रेपन्नाव्या रस्त्याच्या नाक्यावर काही मिसरी मंडळींनी १९९० साली पाव आणि सॉसेजचा गाडा लावला होता. टॅक्सी चालविणारे पुष्कळ लोक मुसलमान. त्यांना आपल्या धर्माला चालेल असे आणि पोट भरेल असे जेवण हवे होते. गाडीवाल्यांनी ते ओळखले आणि भातावर कोंबडी घालून द्यावयास सुरुवात केली. आज त्या गाड्याच्या नावाची दुकाने अनेक देशांत आहेत. परदेशात भुकेल्याची भूक दुसऱ्या परदेशी माणसालाच आधी कळते.

हे आजचेच नाही, बरं का. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच शहरात पूर्व युरोपातून आलेले ज्यू आणि इटलीहून आलेले लोक हातगाड्या घेऊन उभे राहत. पुढे ला गार्डिया नावाचे महापौर झाले. हातगाड्यांनी शहराची शोभा बिघडते असे त्यांचे मत. त्यांनी त्या रस्त्यावरून उठवून बंदिस्त मंडयांत नेल्या. १९४० सालची एसेक्स स्ट्रीटची मंडई त्यांतलीच. आणि ह्या महापौरांचे वडील कोण? इटलीहून आलेले. आई ज्यू कुळातली! पायरी चढून वर गेलेल्या माणसाला खालची पायरी नकोशी वाटते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच. त्यानंतर ग्रीक आले, मागून मिसरी, मग बांगलादेशी. एकाची मुले शिकून कचेरीत जाऊन बसली की त्याच्या जागी दुसऱ्या देशाचा माणूस येऊन उभा राहतो.

उभे राहणे हेसुद्धा सोपे नाही. गाडा पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब, त्याहून मोठा चालत नाही. पदपथ बारा फुटांहून अरुंद असेल तर तेथे लावता येत नाही. इमारतीच्या दारापासून वीस फूट दूर राहावे लागते. सामान सगळे गाड्यावर किंवा गाड्याखाली. बाजूला एक खोके ठेवले तरी दंड. रात्री गाडा ठरावीक कोठारात नेऊन धुवावा लागतो. परवाने दोन असतात, एक माणसाचा आणि एक गाड्याचा. माणसाचा परवाना स्वच्छतेचे शिक्षण घेतल्यावर मिळतो, तो सर्वांना दिसेल असा अंगावर बाळगावा लागतो. खरी मेख दुसऱ्यात आहे. १९८३ साली शहराने गाड्यांच्या परवान्यांची संख्या सुमारे ३,००० वर बांधून टाकली. माणसे वाढली, परवाने वाढले नाहीत. सरकारी शुल्क दोन वर्षांना २०० डॉलर. पण परवाना शिल्लकच नाही तर २०० डॉलर घेऊन जायचे कुठे? मग ज्यांच्या नावावर जुना कागद होता त्यांनी तो आतून भाड्याने द्यावयास सुरुवात केली. दोन वर्षांचे भाडे २०,००० डॉलर आणि त्याहूनही वर! २०२१ साली नवा कायदा झाला. २०२२ पासून दहा वर्षे दर वर्षी ४४५ नवे परवाने द्यावेत आणि ज्याच्या नावाचा परवाना त्याने स्वतः गाड्यावर हजर असावे, असे त्यात ठरले. परंतु ते परवाने हाती पडावयास लोकांना फार ताटकळावे लागले.

कोणी शंका घेईल की, महाराज, परवाना भाड्याने घेणाराही कायदा मोडतोच की. मोडतो. ते मी झाकीत नाही. पण दोघांचे ताट शेजारी शेजारी मांडून पाहा. एक जण पहाटे चारला उठतो, बर्फात बारा तास उभा राहतो, आणि त्याच्या कमाईतला मोठा घास अशाकडे जातो की ज्याने त्या तव्यावर कधी पाण्याचा थेंबही शिंपडलेला नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी दिल्यावाचून भोगणाऱ्याला 'स्तेन' म्हटले आहे. स्तेन म्हणजे चोर. त्याचा दुसरा सौम्य अर्थ कोशात सापडत नाही. 'रस्त्यावरचे अन्न शुद्ध की अशुद्ध' असा विचार आपण नेहमी करतो. तो करावाही, पाणी कुठले, तेल कितव्यांदा तापलेले, हे पाहिलेच पाहिजे. पण अन्नाची शुद्धी भांड्यापाशी संपत नाही. ते कोणाच्या घामाचे आणि कोणाच्या घशात गेले, हाही शुद्धीचाच विचार आहे.

इकडे परत आल्यावर एका सप्ताहात मी हे बोललो. कीर्तन संपले, काला झाला, मंडळी पांगली, आणि एक वृद्ध गृहस्थ माझ्यापाशी येऊन बसले. बराच वेळ काही बोलेनात. मग हळूच म्हणाले, "महाराज, माझा धाकटा तिकडेच आहे. शिकायला गेला होता. आता भागीदारीत असाच एक गाडा चालवतो." मी म्हटले, "बरं चाललंय ना?" ते म्हणाले, "पैसे वेळच्या वेळी पाठवतो. घराची कौलं त्यानेच बदलली. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यानेच केलं. पण गावात विचारतात, मुलगा काय करतो? मी सांगतो, हॉटेल लाइनमध्ये आहे."

हॉटेल लाइन! अहो, ह्या दोन शब्दांत त्या बापाने किती लपविले! मुलगा चोरी करीत नाही, दारू गाळीत नाही, कोणाला फसवीत नाही. मग लाज कसली? तो रस्त्यावर उभा राहतो ह्याची. आपण ज्याच्या दर्शनाला पायी चालत जातो तोही उभाच आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याने वीट पुढे केली, आणि देव त्यावर उभा राहिला. उभे राहण्यात कमीपणा असता तर पंढरीच्या राजाने बसावयास चौरंग मागितला असता.

त्या गृहस्थांना मी धर्मव्याधाची कथा सांगितली; ती येथे थोडक्यात देतो. वनपर्वात मार्कंडेय ऋषींनी ती युधिष्ठिराला सांगितली आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण झाडाखाली वेद म्हणत बसला होता. वरून एका बगळीने त्याच्या अंगावर घाण केली. त्याने रागाने वर पाहिले आणि ती बगळी मरून खाली पडली. पुढे तो भिक्षेला गेला. घरधनीण भिक्षा आणावयास निघाली, तोच तिचा नवरा भुकेला घरी आला. तिने आधी त्याला वाढले. ब्राह्मण संतापला. ती शांतपणे म्हणाली की, मी काही ती बगळी नव्हे. हिला रानातली गोष्ट कशी कळली? तिने त्याला सांगितले, तुला धर्म कळावयाचा असेल तर मिथिलेला जा, तेथे एक व्याध आहे.

कौशिक मिथिलेला गेला. पाहतो तो काय, व्याध दुकानात बसून हरणाचे आणि रेड्याचे मांस विकतो आहे आणि गिऱ्हाइकांची ही गर्दी! ब्राह्मण एका बाजूला उभा राहिला. व्यासांनी हे मुद्दाम सांगितले आहे. ज्ञान घ्यावयास आलेला मनुष्य, पण दुकानापाशी जावयास पाय उचलेना. व्याध आपण होऊन उठला, त्याच्याकडे आला, त्याचे स्वागत केले आणि त्याला घरी घेऊन गेला. मी मारीत नाही, मी स्वतः खात नाही, दुसऱ्यांनी मारून आणलेले विकतो. खरे बोलतो, कोणाचा मत्सर करीत नाही, शक्तीप्रमाणे देतो आणि देव, अतिथी, चाकर ह्यांचे झाल्यावर उरेल त्यावर राहतो, असे त्याने आपले वर्तन सांगितले.

येथे माळकरी मंडळी दचकतील. मीही माळकरी आहे. न्यूयॉर्कच्या त्या गाड्यांपैकी बहुतेकांवरचे मी तोंडात घालणार नाही, आणि तुम्ही घालावे असेही म्हणणार नाही. पण महाभारताने धर्म सांगावयास बसविले कोणाला, ते पाहावे. वेद म्हणणारा श्रोता झाला आणि मांस विकणारा वक्ता. आपला आहार आपण सांभाळावा. दुसऱ्याचे मोल त्याच्या गाड्यावर काय शिजते त्यावरून करू नये, एवढे तर ह्या कथेतून घ्याल? रमझानात तो मिसरी गाडीवाला दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही, आणि दिवसभर वाफाळत्या तव्यापुढे दुसऱ्यांना वाढतो. आपली एकादशी साबुदाण्याच्या खिचडीवर पार पडते. असो.

कथेचा गाभा पुढेच आहे. व्याधाने कौशिकाला आतल्या दालनात नेले. तेथे त्याचे म्हातारे आईबाप शुभ्र वस्त्रे नेसून, जेवून तृप्त होऊन बसले होते. व्याधाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाला, हेच माझे दैवत. मग कौशिकाकडे वळून त्याने वर्मावर बोट ठेवले. तू वेदाध्ययनासाठी आईबापांना न विचारता घर सोडलेस, तुझ्या शोकाने ते आंधळे झाले आहेत, आधी त्यांच्याकडे जा. कौशिकाने व्याधाला प्रदक्षिणा घातली, तो घरी गेला आणि आईबापांच्या सेवेला लागला.

ते गृहस्थ कथा ऐकून उठताना एवढेच म्हणाले, "महाराज, पण माझा मुलगा ह्यातला कोण? व्याध की कौशिक?" हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दुकानावर उभा राहून आईबापांना पोसतो म्हणून तो व्याध. त्यांना सोडून दूर गेला म्हणून कौशिक. एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही भूमिका आल्या. व्याधाचे आईबाप दुकानामागच्या दालनात होते; ह्यांचे समुद्रापलीकडे आहेत. आणि कौशिकाला 'घरी जा' म्हटल्याबरोबर जाता आले. तिकडच्या पुष्कळांना तेही जमत नाही. ज्यांच्याजवळ त्या देशात राहण्याचे पुरे कागद नाहीत ते एकदा बाहेर पडले की परत आत येणे जवळजवळ बंद. म्हणून जात नाहीत. पाच वर्षे जातात, दहा जातात. पैसे घरी पोचतात, माणूस पोचत नाही.

न्यूयॉर्कच्या त्याच फेरीत संध्याकाळी आम्ही जॅक्सन हाइट्स नावाच्या भागात गेलो होतो. तेथे बांगलादेशी लोक फुचका विकतात. फुचका म्हणजे आपली पाणीपुरीच, आत बटाटा आणि वाटाणे, बरोबर चिंचेचे पाणी. एका गाड्यापाशी यजमानांचा मुलगा थांबला. गाडीवाल्याला हिंदी येत होते, त्यामुळे माझे त्याच्याशी बोलणे झाले. सात वर्षांत तो घरी गेलेला नव्हता. मधल्या काळात वडील वारले, त्यांची अंत्ययात्रा त्याने फोनवर पाहिली. गाड्यावर, गिऱ्हाईक समोर असताना.

बोलता बोलता फोन वाजला. तेथे रात्रीचे नऊ, म्हणजे त्याच्या गावी सकाळ. त्याने फोन चिंचेच्या पाण्याच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी. त्याचे दोन्ही हात पुऱ्या भरण्यात गुंतलेले. मान तेवढी डब्याकडे. दोन-चार वाक्ये बोलून झाली. मी विचारले, "काय म्हणते आई?"

"विचारते, जेवलास का?"

दुपारी बारापासून तो तेथे उभा होता. मी म्हटले, "मग काय सांगितलेस?"

"जेवलो म्हणालो," तो म्हणाला, आणि पुढच्या माणसासाठी त्याने पुरी फोडली.